मुक्कामाची खोली आणि लहान मूल

हॉटेलची खोली मोठ्या माणसांच्या सोयीने मांडलेली असते. चहाची किटली हाताशी, दिव्याचे बटण उशाशी, शाम्पू आणि साबण बेसिनच्या कडेला, गॅलरीत दोन खुर्च्या. याच सोयी एक ते चार वर्षांच्या मुलाच्याही हाताशी येतात. घरात मूल रांगू लागले की कात्री वरच्या फळीवर जाते, फिनेलची बाटली माळ्यावर चढते, जिन्याला फाटक बसते. हे बदल महिन्या-दोन महिन्यांत, सवयीने होत जातात. मुक्कामाच्या ठिकाणी तेवढा वेळ मिळत नाही. खोलीचे कुलूप उघडल्यापासून मूल कडेवरून खाली उतरेपर्यंतच्या पंधरा-वीस मिनिटांतच ते काम उरकावे लागते.

त्यासाठी साहित्य थोडे लागते, पण क्रम पक्का असावा लागतो. टेबलाचा कोपरा लागला तर टेंगूळ येते, गॅलरीतून तोल गेला तर जीव जातो. म्हणून आधी उंची, मग पाणी, मग वीज आणि उष्णता, त्यानंतर गिळता येण्याजोग्या वस्तू आणि सर्वांत शेवटी कोपरे व कडा, या क्रमाने खोली तपासावी. वेळ कमी पडला तर शेवटची कामे राहिली तरी चालतील, पहिली दोन राहता कामा नयेत.

वयाप्रमाणे बदलणारा धोका

बहुतेक मुले सहाव्या ते दहाव्या महिन्यादरम्यान रांगू लागतात. या वयात जमिनीवर पडलेली प्रत्येक वस्तू तोंडात जाते, त्यामुळे पलंगाखालची जागा सर्वांत महत्त्वाची. वर्षाच्या आसपास मूल धरून उभे राहते आणि लोंबणारे काहीही ओढते: टेबलक्लॉथ, किटलीची वायर, पडद्याची दोरी. दीड वर्षानंतर ते खुर्चीवर चढते आणि खुर्ची ढकलत हवी तिथे नेते. तिथून पुढे ‘उंचावर ठेवले’ म्हणजे सुरक्षित ठेवले असे राहत नाही. तिसऱ्या वर्षी दाराचे दांड्याचे हँडल, नळ आणि कडी त्याला जमू लागते. चौथ्या वर्षी ते मोठ्यांची नक्कल करते. किटली लावणे, लिफ्टचे बटण दाबणे, कार्डाने दार उघडणे हा त्याचा खेळ होतो. दोन मुले सोबत असतील तर तयारी धाकट्याच्या तोंडाचा आणि थोरल्याच्या हाताचा विचार करून करावी, कारण थोरल्याची छोटी खेळणी हाच धाकट्याला सर्वांत जवळचा धोका असतो.

खोली ठरवताना

निम्मी सुरक्षितता आरक्षणाच्या वेळीच ठरते. संकेतस्थळावरच्या छायाचित्रांत समुद्र दिसतो, कठड्याची उंची दिसत नाही. त्यामुळे फोन करून थेट विचारावे: खोली कितव्या मजल्यावर आहे? गॅलरीला कठडा किती उंच आहे आणि त्याच्या सळया उभ्या आहेत की आडव्या? खिडक्या पूर्ण उघडतात का? पोहण्याच्या तलावाला कुंपण आणि फाटक आहे का? बाळासाठी कॉट किंवा जादा गादी मिळते का? जवळचा बालरोगतज्ज्ञ किंवा रुग्णालय किती अंतरावर आहे?

पडण्याच्या दृष्टीने तळमजल्याची खोली सर्वांत चांगली, मात्र तिचे दार थेट तलावावर किंवा गाड्या उभ्या करण्याच्या जागेवर उघडत नसावे. लोणावळा, अलिबाग, गोवा येथे खासगी तलाव असलेले बंगले भाड्याने मिळतात. त्यांतल्या अनेकांत दिवाणखान्याचे काचेचे दार सरकवले की दोन पावलांवर पाणी असते. तलावाला स्वतंत्र कुंपण नसेल तर मूल पाच-सहा वर्षांचे होईपर्यंत असा बंगला न घेणेच बरे. माथेरानमध्ये खासगी मोटारींना प्रवेश नाही. तिथे जाताना नेहमीची औषधे सोबत असावीत आणि रुग्णालयापर्यंत कसे जायचे हे आधी विचारून ठेवावे.

सोबत नेण्याचे साहित्य

एका छोट्या पिशवीत मावेल एवढे साहित्य पुरते: मास्किंग टेपचे एक रीळ, जाड रबर बँड, सुतळी किंवा नाडी, सॉकेटमध्ये बसवायची झाकणे, लहान रात्रदिवा, विजेरी आणि दाराला अडकवण्यासाठी घुंगरू. घुंगराचा उपयोग साधा आहे. दार हलले की आवाज होतो आणि मूल बाहेर निघाल्याचे झोपेतही कळते. मास्किंग टेप कप्पे बंद ठेवायला, वायर भिंतीला चिकटवायला आणि टेबलाच्या कोपऱ्यावर मोजा किंवा हातरुमाल बांधायला कामी येते, आणि काढताना रंग निघत नाही.

सॉकेटची झाकणे भारतीय मापाचीच घ्यावीत. आपल्याकडील सॉकेटची छिद्रे गोल असतात, तर अमेरिकेतली झाकणे चपट्या पिनांची असतात. ती इथे बसत नाहीत. परदेशातून सुटीसाठी येणाऱ्या कुटुंबांनी हे लक्षात ठेवावे. अमेरिकेत घरात १२० व्होल्टचा पुरवठा असतो, इथे २३० व्होल्टचा.

औषधांच्या डबीत थर्मामीटर, ओआरएसची पाकिटे, पट्ट्या, आणि मुलाच्या वजनानुसार डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मात्रेसह तापाचे औषध असावे. ही डबीसुद्धा मुलाच्या हाती लागू नये अशा ठिकाणी ठेवायची असते.

पहिली पंधरा मिनिटे

खोलीत शिरल्यावर एका मोठ्या माणसाने मुलाला कडेवर किंवा बाबागाडीत ठेवावे आणि दुसऱ्याने खोली तपासावी. एकच मोठे माणूस असेल तर मुलाला बाबागाडीत पट्टा लावून बसवावे. सामान लावणे, चहा मागवणे, फोटो काढणे हे सगळे नंतर.

तपासणी गुडघ्यांवर बसून करावी. उभ्याने न दिसणाऱ्या गोष्टी त्या उंचीवरून दिसतात: पलंगाखाली घरंगळलेले नाणे, आधीच्या पाहुण्याची पडलेली गोळी, केसांची पिन, टेबलाच्या खालच्या कडेतून बाहेर आलेला खिळा, पलंगामागचे उघडे सॉकेट. खोली झाडलेली असली तरी पलंग आणि सोफा क्वचितच सरकवलेले असतात. विजेरी घेऊन हा फेरा पुरा केल्यावरच मुलाला खाली सोडावे. मुक्काम लांबला तर रोज साफसफाई झाल्यावर पुन्हा एक नजर टाकावी, कारण हलवलेल्या वस्तू कर्मचारी नीटनेटकेपणाच्या सवयीने मूळ जागी ठेवतात.

गॅलरी आणि खिडक्या

कठड्याच्या तीन गोष्टी पाहाव्यात: उंची, फट आणि पाय ठेवण्याची जागा. कठडा किमान एक मीटर उंच असावा. दोन सळयांमधली फट १० सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर लहान मुलाचे अंग तिच्यातून जाऊ शकते, अंग गेले नाही तरी डोके अडकू शकते. सळया आडव्या असतील तर तो कठडा मुलाच्या दृष्टीने शिडीच ठरतो. त्याची उंची मोजण्यात अर्थ उरत नाही. जुन्या बंगल्यांतल्या लाकडी कठड्यांना हाताने जोर लावून पाहावे.

गॅलरीतल्या खुर्च्या, टीपॉय, कुंड्या आणि कपडे वाळवायचा स्टँड खोलीत घ्यावा किंवा कर्मचाऱ्यांना न्यायला सांगावे. कठडा कितीही चांगला असला तरी त्याच्याजवळची खुर्ची त्याची उंची अर्ध्यावर आणते. गॅलरीचे दार कायम वरच्या कडीने बंद ठेवावे आणि मोठ्या माणसासोबतच ते उघडावे. दाराला वरची कडी नसेल, सरकत्या दाराचे कुलूप लागत नसेल किंवा कठडा हलत असेल, तर खोली बदलून मागावी. यावर टेप आणि सुतळीचा उपाय चालत नाही.

खिडकीचे तत्त्वही तेच. डास रोखणारी जाळी मुलाचे वजन पेलत नाही, ती चौकटीसकट निसटते. खिडकी १० सेंटिमीटरपेक्षा जास्त उघडू नये असा अडसर असावा, नसेल तर खिडकी बंदच ठेवावी. खिडकीला लागून पलंग किंवा सोफा असेल तर तो बाजूला सरकवावा. पडद्याच्या आणि ब्लाइंडच्या लोंबत्या दोऱ्या गळ्याभोवती बसू शकतात. त्या गुंडाळून पडद्याच्या दांडीवर टाकाव्यात. महाबळेश्वर, माथेरान, लोणावळा भागात उघड्या खिडकीतून माकडे आत येतात आणि मुलाच्या हातातला खाऊ हिसकावतात. तिथे खिडकी उघडी ठेवून खाणे टाळावे.

दारे

हॉटेलचे मुख्य दार जड असते, आपोआप मिटते आणि बाहेरून कुलूपबंद होते. यातून तीन प्रकारचे अपघात होतात: बोट चेमटणे, मूल बाहेर जाणे, आणि मूल आत व पालक बाहेर अडकणे. बिजागरीच्या बाजूची फट सर्वांत वाईट, कारण तिथे बोट चिरडते. आतल्या दारांवर जाड टॉवेल वरच्या कडेवरून टाकून ठेवला की दार पूर्ण मिटत नाही. मुख्य दाराला साखळी किंवा वरची कडी लावून ठेवावी, विशेषतः एक मोठे माणूस अंघोळीला गेलेले असताना. खोलीचे कार्ड बाहेर पडणाऱ्याने खिशात घेतल्याशिवाय दार सोडू नये. शेजारच्या खोलीत उघडणारे मधले दार असेल तर ते दोन्ही बाजूंनी बंद आहे याची खात्री स्वागतकक्षाकडून करून घ्यावी.

न्हाणीघर

न्हाणीघराचे दार सदैव बंद असावे आणि मूल तिथे एकटे जाऊ नये. या एका नियमाने निम्मे धोके टळतात. दाराला बाहेरून कडी असेल तर ती लावावी. आतल्या कडीवर टेप चिकटवावी, म्हणजे मूल स्वतःला कोंडून घेणार नाही.

आपल्याकडे बाथटबपेक्षा बादली जास्त धोक्याची, कारण ती प्रत्येक खोलीत असते आणि तिच्याकडे कोणी धोका म्हणून पाहत नाही. रांगत्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. बादलीत वाकले की ते डोक्याकडून आत जाते, आणि भरलेली बादली कलंडत नसल्याने त्याला बाहेर येता येत नाही. नाका-तोंडावर येईल एवढे, म्हणजे पाच सेंटिमीटर पाणीही बुडायला पुरते. वापरून झाले की बादली रिकामी करून उपडी घालावी, कमोडचे झाकण मिटावे आणि बाथटबची गुडदी काढून वर ठेवावी.

दुसरा धोका गरम पाण्याचा. हॉटेलचा गीझर बहुधा पूर्ण तापवलेला असतो. ६० अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी काही सेकंदांत खोल भाजते, ५० अंशांच्या आसपास तेवढीच इजा व्हायला मिनिटे लागतात. लहान मुलाची त्वचा पातळ असल्याने त्याला याहूनही कमी वेळ पुरतो. बादलीत आधी गार पाणी सोडावे, मग गरम मिसळावे, आणि कोपर बुडवून पाहावे. अंघोळीचे पाणी ३७ अंशांच्या आसपास, म्हणजे कोपराला कोमट वाटेल असे असावे. मूल बादलीजवळ असताना गरम पाण्याचा नळ उघडू नये. अंघोळ घालताना फोन वाजला किंवा दारावर कोणी आले तर मुलाला टॉवेलात गुंडाळून सोबत न्यावे.

बेसिनच्या जाळीवर किंवा कपाटात ठेवलेल्या डांबराच्या गोळ्या पहिल्याच फेरीत काढून टाकायला सांगाव्यात. त्या पेपरमिंटसारख्या दिसतात. नॅफ्थलीनच्या गोळीने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात, आणि जी६पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या मुलांना ती अधिक घातक ठरते. कापूर खाल्ल्यास लहान मुलाला झटके येऊ शकतात. बेसिनखाली ठेवलेले संडास धुण्याचे ॲसिड आणि फिनेल खोलीबाहेर न्यायला लावावे. दाढीचे ब्लेड, शॉवर कॅप आणि धुण्याच्या कपड्यांची प्लॅस्टिक पिशवी वरच्या फळीवर ठेवावी. टोपी आणि पिशवी तोंडावर बसली तर श्वास कोंडतो.

वीज आणि उष्णता

भारतातील बहुतेक बोर्डांवर सॉकेटशेजारी त्याचे स्वतंत्र बटण असते. न लागणारी सगळी बटणे बंद करावीत. मात्र पलंगाशेजारचे बोर्ड जमिनीपासून दोन फुटांवरच असतात आणि बटणे दाबणे मुलांना आवडते. म्हणून त्या सॉकेटना झाकणे लावावीत किंवा त्यांच्यापुढे जड टेबल सरकवावे. नव्या सॉकेटना आत पडदा असतो, जुन्या लॉजमध्ये तो नसतो. फुटका बोर्ड, उघडी वायर किंवा सैल सॉकेट दिसले तर खोली बदलावी. दाराजवळच्या खाचेतून कार्ड काढले की खोलीची वीज जाते असे मानले जाते. पण फ्रिजसारखी काही जोडणी त्यानंतरही चालू राहू शकते. मोबाइलचा चार्जर काम झाल्यावर सॉकेटमधून काढावा, कारण लोंबणारे टोक थेट तोंडात जाते.

किटली वापरून झाली की रिकामी करावी, तिची बैठक वायरीसकट कपाटात ठेवावी. पाणी उकळताना मूल दुसऱ्या माणसाच्या हातात असावे. ताज्या चहाच्या कपाने पंधरा मिनिटांनंतरही बाळाला भाजू शकते. मूल मांडीवर घेऊन चहा पिऊ नये. इस्त्री वापरल्यावर ती निवेपर्यंत न्हाणीघराच्या बंद दाराआड उंचावर ठेवावी. तिची वायर खाली लोंबू देऊ नये.

डासांसाठी लावलेले द्रवाचे यंत्र बहुधा पायाजवळच्या सॉकेटमध्ये असते. त्यातला द्रव विषारी असतो आणि बाटली सहज निघते. ते काढून घेऊन मच्छरदाणी मागावी.

तोंडात जाणाऱ्या वस्तू

साधारण ३ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळातून जाणारी कोणतीही वस्तू तीन वर्षांखालील मुलाच्या घशात अडकू शकते. दहा रुपयांचे नाणे २७ मिलिमीटरचे असते, त्यावरून अंदाज घ्यावा. शिवणाच्या छोट्या डबीतल्या सुया आणि बटणे, पेनची टोपणे, बाटल्यांची झाकणे, मिनीबारमधले शेंगदाणे व काजू ही सगळी या मापात येतात. शेंगदाणा, फुटाणा, काजूगर असले कडक जिन्नस चार वर्षांपर्यंत अख्खे देऊ नयेत. कोकणातल्या करवंद-जांभळांच्या बिया काढून द्याव्यात.

भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, पण पर्यटनस्थळी रस्त्याकडेच्या गाड्यांवर बिनचिन्हाची खेळणी सर्रास दिसतात. चमकणाऱ्या भोवऱ्यांत आणि वाजणाऱ्या चाव्यांत बटणासारखे चपटे सेल असतात. खोलीतल्या दिव्यांच्या छोट्या रिमोटमध्येही तेच असतात. २० मिलिमीटरचा लिथियम सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत तिथे भोक पाडण्याइतकी जखम सुरू होते. ज्या वस्तूच्या सेलचे झाकण स्क्रूने बसवलेले नाही ती वस्तू मुलाला देऊ नये, आणि खोलीतले रिमोट कपाटावर ठेवावेत.

कौटुंबिक सहलीत आजी-आजोबांची औषधे हा स्वतंत्र धोका आहे. रक्तदाब आणि मधुमेहाच्या एक-दोन गोळ्याही लहान मुलाला अत्यवस्थ करू शकतात. घरी या गोळ्या ठरलेल्या जागी असतात. प्रवासात त्या पर्समध्ये, उशाखाली, खाटेशेजारच्या टेबलावर येतात. वारानुसार कप्पे असलेली डबी तर मुलाला खेळणेच वाटते. खोलीत तिजोरी असेल तर तिचा सर्वांत चांगला उपयोग हाच: सर्वांची औषधे, लायटर, ब्लेड, कात्री आणि दारूच्या लहान बाटल्या तिच्यात ठेवाव्यात.

फर्निचर आणि झोप

टीव्ही भिंतीला नसून टेबलावर असेल तर तो मागे सरकवावा. कप्प्यांच्या कपाटाचा खालचा कप्पा ओढून त्यावर मूल चढले तर सगळे कपाट अंगावर येऊ शकते. कप्प्यांना टेप लावावी. काचेचे टीपॉय खोलीबाहेर ठेवायला सांगावे. धारदार कोपऱ्यांवर मोजे किंवा हातरुमाल बांधावेत. गुळगुळीत फरशीवर पाणी दिसले की लगेच पुसावे.

झोपेसाठी बंद, पक्क्या खोलीत जमिनीवर अंथरलेली जादा गादी सर्वांत सोपी. पलंगावर झोपवायचे झाल्यास पलंग भिंतीला टेकवून भागत नाही. गादी आणि भिंत यांच्यामध्ये पडलेल्या फटीत बाळ अडकू शकते. उशांचा बांध रांगणारे मूल सहज ओलांडते, आणि वर्षाखालील बाळाच्या तोंडावर तीच उशी येऊ शकते. वर्षाखालील बाळाला उताणे, घट्ट गादीवर, उशी-रजईशिवाय झोपवावे. हॉटेलने कॉट दिली तर तिच्या सळयांमधली फट ६ सेंटिमीटरच्या आसपास असावी, गादी आणि कठड्यामध्ये दोन बोटांपेक्षा जास्त जागा नसावी, आणि बाजूची कडी हलवून पाहावी. दृष्ट लागू नये म्हणून घातलेला गळ्यातला काळा दोरा किंवा ताईत झोपताना काढून ठेवावा. एकावर एक असलेल्या खाटांपैकी वरची खाट सहा वर्षांखालील मुलाला देऊ नये. रात्रदिवा लावून ठेवावा. मध्यरात्री जागे झालेले मूल अनोळखी अंधारात न्हाणीघर समजून दुसरेच दार उघडते.

घरगुती मुक्काम

कोकणात आणि सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांत घरगुती मुक्कामाची पद्धत रुजली आहे. तिथे तपासणी खोलीपुरती न ठेवता अंगणापर्यंत न्यावी लागते. विहिरीला कठडा आणि जाळी आहे का, पडवीचा ओटा किती उंच आहे, पाणी तापवायचा बंब कुठे आहे, गोठ्याचे फाटक लागते का, हे यजमानांना विचारून स्वतः पाहावे. बंबाचा तांब्याचा पत्रा आणि चुलीचे निखारे विझल्यानंतरही बराच वेळ भाजतात. बादलीत टाकायचा पाणी तापवण्याचा रॉड मुलाच्या उपस्थितीत वापरूच नये. गॅस गीझर न्हाणीघराच्या आत बसवलेला असेल तर तिथे मुलाला अंघोळ घालू नये. हवा खेळती नसल्यास त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, त्यामुळे तो साचल्याचे कळत नाही. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवण्याचा धोकाही हाच.

कोकणातल्या लाल विंचवाचा दंश मुलांसाठी जीवघेणा ठरू शकतो. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यावर या दंशाचे मृत्यू पुष्कळ घटले. मात्र उपचार लवकर मिळायला हवा. बूट झटकून घालावेत, अंथरूण झटकून पसरावे, ओले टॉवेल आणि कपडे जमिनीवर टाकू नयेत. मण्यार रात्री घरात शिरून जमिनीवर झोपलेल्याला चावते. त्यामुळे पक्क्या हॉटेलात योग्य असलेली जमिनीवरची गादी इथे टाळावी. बुटक्या खाटेवर, गादीखाली चारी बाजूंनी खोचलेल्या मच्छरदाणीत झोपवावे. अंधारात विजेरीशिवाय मुलाला अंगणात नेऊ नये.

पोहण्याचा तलाव

खोलीतून तलावाकडे जाणारा रस्ता पहिल्याच दिवशी पाहून ठेवावा. मूल नाहीसे झाले तर सर्वांत आधी तलावाकडे धावावे, इतर ठिकाणे नंतर. पाण्यात मोठे माणूस हाताच्या अंतरावर असावे. हवेच्या ट्यूब आणि दंडाला बांधायचे फुगे ही खेळणी आहेत, ती जीव वाचवत नाहीत. बुडणारे लहान मूल सहसा ओरडत नाही आणि हातही हलवत नाही. पोहून झाल्यावर खेळणी पाण्यातून काढावीत, नाहीतर ती घ्यायला मूल परत येते.

अपघात झाला तर

महाराष्ट्रात आणि गोव्यात रुग्णवाहिकेसाठी १०८, कोणत्याही आपत्तीसाठी ११२ हे क्रमांक चालतात. विषबाधेबाबत दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या निःशुल्क क्रमांकावर सल्ला देते. हॉटेलचे नाव, पत्ता आणि खोली क्रमांक फोनमध्ये लिहून ठेवावा. घाईत नेमके तेच आठवत नाही.

भाजल्यास त्या भागावर वीस मिनिटे नळाचे वाहते गार पाणी सोडावे. बर्फ, टूथपेस्ट, तूप, हळद लावू नये. विषारी पदार्थ पोटात गेल्यास उलटी करवू नये, मिठाचे पाणी पाजू नये. बाटली किंवा वेष्टन घेऊन रुग्णालयात जावे. बटणसेल गिळल्याची नुसती शंका आली तरी ताबडतोब निघावे. मूल वर्षापेक्षा मोठे असेल आणि त्याला गिळता येत असेल तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध, जास्तीत जास्त सहा वेळा, देता येतो. मधाच्या शोधात वेळ घालवू नये, आणि वर्षाखालील बाळाला मध देऊ नये.

घशात वस्तू अडकून श्वास बंद झाल्यास वर्षाखालील बाळाला पुढच्या हातावर पालथे, डोके खाली करून धरावे, पाठीवर खांद्यांच्या मध्ये पाच थापट्या द्याव्यात. मग उताणे करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच वेळा दाबावे. वर्षावरील मुलाला पाच थापट्यांनंतर मागून मिठी मारून बेंबीच्या वर पाच वेळा आत-वर दाब द्यावा. वस्तू दिसत नसताना घशात बोट घालू नये. सर्पदंश किंवा विंचूदंश झाल्यास जखम कापू नये, आवळून बांधू नये. मुलाला चालू न देता उचलून थेट रुग्णालयात न्यावे.

लक्ष कोणाचे

दहा-बारा जणांच्या सहलीत मुलाकडे सगळ्यांचे लक्ष आहे असे वाटते, आणि प्रत्येक जण ते दुसऱ्याचे आहे असे धरून चालतो. सामान लावताना, जेवणानंतर आणि निघण्याच्या गडबडीत हे विशेष घडते. त्यामुळे जबाबदारी बोलून द्यावी: ‘आता अर्धा तास मूल तुझ्याकडे’ असे सांगावे आणि समोरच्याने ‘हो’ म्हटल्यावरच हात मोकळे करावेत. ज्याच्याकडे मूल आहे त्याने तेवढा वेळ फोन खाली ठेवावा.

निघताना टेप आणि झाकणे काढून घ्यावीत, सरकवलेले सामान जागेवर लावावे. हलता कठडा, फुटका बोर्ड, न लागणारी कडी दिसली असेल तर ती स्वागतकक्षात लेखी कळवावी, म्हणजे पुढच्या कुटुंबाला तीच खोली तशीच मिळणार नाही. बाकीच्या उणिवा पंधरा मिनिटांच्या कामाने भरून काढता येतात. पण जिची गॅलरी आणि न्हाणीघर बंद ठेवता येत नाही, ती खोली कितीही स्वस्त आणि कितीही सुंदर असली तरी लहान मुलासह राहण्याची नाही.